दोरीचं दुसरं टोक

वरठा सरांनी निवडून दिलेला माठ आमच्या घरी अजून आहे, आणि त्यातलं पाणी अजून गार लागतं. तलासरीच्या आठवडी बाजारात सर माठ घ्यायला निघाले की आमच्या कॉलेजातले निम्मे लोक त्यांच्यामागे निघायचे. सर खाली बसायचे, एकेक माठ गुडघ्यावर घ्यायचे आणि बोटाच्या पेराने वाजवायचे. कान जवळ न्यायचे, पुन्हा वाजवायचे. दहा-बारा माठ झाले की एकावर हात ठेवून म्हणायचे, "हा घ्या. बाकीच्यांच्या पोटात काहीतरी आहे." एकदा संजाणकडून आलेला कुंभार वैतागून म्हणाला, "लेवुं होय तो लो, साहेब, वगाडवानुं बंद करो." सरांनी त्याला गुजरातीत समजावलं की मी पगार घेतो तो वाजवण्याचाच. कुंभाराला वाटलं, हे लग्नात बँड वाजवतात.

आणि सर काही खोटं बोलले नव्हते. ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. प्रोटॉन नावाच्या कणाच्या पोटात काय आहे, हा त्यांचा विषय. प्रोटॉन काही नारळासारखा फोडून बघता येत नाही. मग काय करायचं, तर त्याला प्रकाशाचा धक्का द्यायचा. धक्का बसला की तो थरथरतो आणि आपल्याला विचारही करता येणार नाही इतक्या थोड्या वेळात अंगातून एक हलका कण टाकून पुन्हा गप्प होतो. या थरथरीला रेझोनन्स म्हणतात. प्रत्येक थरथरीचा आवाज वेगळा, आणि आवाजावरून आतली रचना ओळखायची. हे सगळं सर कागदावर करायचे. त्यांच्याकडे यंत्र वगैरे काही नव्हतं. वेवजीला घर, चार वाफे भात, थोडी नागली आणि उत्तरपत्रिकांच्या उरलेल्या कोऱ्या पुरवण्या, एवढंच त्यांचं भांडवल.

मी गणिताची. खरं सांगायचं तर भौतिकीवाल्यांचा मला मनातून रागच होता. आमची चिन्हं घेतात आणि लग्नाला मागून नेलेल्या भांड्यांसारखी पोचे पाडून परत आणतात. २०१४ साली मी तलासरीच्या त्या कॉलेजात लागले आणि बोर्डीहून रोज सकाळच्या एसटीने जाऊ लागले. सर वेवजीच्या फाट्यावर चढायचे. खांद्याला कापडी पिशवी, पायात पावसाळी चपला, त्या बाराही महिने. पहिल्या दिवशी माझ्या शेजारी बसले आणि विचारलं, "सावे मॅडम, तुम्ही उत्तर मागून बघता की पुढून?" मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "पुढून." तेव्हा सर म्हणाले, "बरं झालं. मग आपलं जमेल." पुस्तकाच्या मागची उत्तरं आधी बघणाऱ्यांबद्दल ते विचारत होते, हे मला पुढे कळलं.

सरांची एक खोड होती. संध्याकाळी फाट्यावर उतरले की बसच्या पत्र्यावर दोनदा टकटक करायचे. ते निरोप घ्यायचे, पण ड्रायव्हरला वाटायचं कंडक्टरने निघायची खूण केली. एकदा एक म्हातारी एक पाय पायरीवर आणि एक पाय वेवजीच्या मातीत अशी राहिली, आणि जी काही शिव्यांची सरबत्ती झाली ती अख्ख्या बसने ऐकली. सर कानांच्या पाळ्या धरून उभे. तेव्हापासून सगळे उतरून होईपर्यंत थांबायचे आणि मगच पत्रा वाजवायचे. सोडली मात्र नाही खोड.

कॉलेजची तपासणी करायला एक समिती आली होती. त्यातल्या एका गृहस्थांनी सरांना विचारलं, "तुमच्या संशोधनाचा इथल्या लोकांना काय उपयोग?" आमचे प्राचार्य घामाघूम. सर म्हणाले, "साहेब, इथल्या लोकांनी मला अजून विचारलेलं नाही. त्यांनी विचारलं तर सांगेन." आणि खरंच, वेवजीत कोणी विचारलं की सर माठ वाजवून सांगायचे, आणि माणसं मान डोलवून ऐकायची. शेवटी म्हणायची, "मंग आत काय हाय, ते कळलं का?" सर म्हणायचे, "नाय अजून." ती माणसं म्हणायची, "कळंल." समितीपेक्षा तीच बरी, असं मला वाटायचं.

हे "नाय अजून" बारा वर्षं चाललं होतं. सरांची पीएचडी अपुरी होती. नोकरी, आईचं आजारपण, भावाची शेती, मुलीचं शिक्षण, यात ती मागे पडत गेली. एकदा मुदत वाढवून मिळाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. २०१९च्या जानेवारीअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, आणि त्याच वर्षी सर निवृत्त होणार. सर पदवीसाठी हपापलेले नव्हते. पण एकदा बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात कोणीतरी एक गोष्ट शेवटपर्यंत नेली, असं मला आईला सांगायचंय." त्यांची आई वारून तीन वर्षं झाली होती.

त्यांचं कोडं असं होतं. प्रोटॉनची एक थरथर आहे, ती सगळ्यांच्या हिशेबापेक्षा हलकी निघते. काही म्हणतात, ती आतल्या क्वार्क नावाच्या तीन कणांची आहे. काही म्हणतात, क्वार्क राहू दे, भोवती जो हलक्या कणांचा ढग असतो त्याचाच हा खेळ आहे. सरांचं म्हणणं, दोन्ही. लांबून बघाल तर ढग दिसेल, जवळून बघाल तर क्वार्कांचा गाभा. फक्त ढग आणि गाभा एकमेकांना मदत करतात की एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, ते ठरवायचं होतं. म्हणजे सगळं घोडं एका चिन्हावर अडलेलं. अधिक की उणे.

त्या एका चिन्हासाठी सत्तर-ऐंशी पानांचं गणित होतं. २०१६च्या उन्हाळ्यात सरांनी मला विचारलं, "दोरीचं दुसरं टोक धराल का?"

त्यांच्या घरात जमीन मोजायची एक रीत होती. दोन भावांत वाटणी व्हायची झाली की दोघं बांधाच्या दोन टोकांना उभे राहायचे. एक इकडून दोरीने मोजत यायचा, एक तिकडून. प्रत्येक दोरीला एक खडा खिशात टाकायचा. मोजताना बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचंही नाही. मोजून झालं की समोरासमोर उभं राहून मुठी एकदम उघडायच्या. खडे जुळले की तिथे दगड रोवायचा.

मी विचारलं, "आणि नाही जुळले तर?"

"तर टोकं बदलायची," सर म्हणाले.

सर क्वार्कांकडून निघणार आणि मी बाहेर पडणाऱ्या कणाकडून उलटी येणार. मी म्हटलं, "सर, मला तुमच्या विषयातलं ओ का ठो कळत नाही." ते म्हणाले, "म्हणूनच. तुम्ही फक्त नियम पाळाल, मला मात्र काय यायला हवं ते माहीत आहे." त्यांनी मला नियमांचं एक पान दिलं आणि त्यानंतर आठ महिने आम्ही बसमध्ये चिकूच्या भावापासून ते नवीन पुलापर्यंत सगळं बोललो, पण त्या गणिताबद्दल अवाक्षर काढलं नाही. लोकांना वाटायचं आमचं भांडण झालंय, कारण चुकून विषय निघाला की सर तोंडावर बोट ठेवायचे.

माझं उत्तर आलं उणे. तीनदा केलं, तीनदा उणे.

मुठींऐवजी आम्ही उत्तरं बंद पाकिटांत घालून आणणार होतो. ती पाकिटं उघडायच्या आदल्या दिवशी सर बसमध्ये पेंगत होते. मांडीवरची पिशवी कलंडली आणि एक पुरवणी अर्धी बाहेर आली. मी बघायला नको होतं. बघितलं. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारलेल्या, आणि चिन्ह अधिक.

आता माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती म्हणाल, तर मला वाटलं, हा माणूस बारा वर्षं यात आहे आणि मी कालची आलेली. माझंच कुठेतरी चुकलंय. आणि दुसरंही होतं, ते जास्त खरं आहे. उद्या आपल्यामुळे यांचं अडेल, हे मला बघवणार नव्हतं. घरी जाऊन मी माझ्या उण्यावर एक उभी रेघ मारली. उण्याचं अधिक करायला तेवढंच लागतं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पाकिटं उघडली, दोघांचं अधिक. सरांनी मला हात जोडले आणि शिपायाला सांगून सगळ्यांना चहा पाजला. माझा कप मी तसाच ठेवून तासाला निघून गेले.

पुढे दीड वर्ष सर त्या अधिकावर प्रबंध बांधत गेले. २०१८च्या पावसाळ्यात एकदा त्यांनी बसमध्ये आलेख उलगडून दाखवला. जगातल्या प्रयोगशाळांनी मोजलेले ठिपके डावीकडे, म्हणजे लांबून बघतात तिथे, शून्याच्या खाली सुरू व्हायचे आणि जवळ जाता जाता शून्य ओलांडून वर यायचे. सरांची रेघ उजवीकडे ठिपक्यांतून छान जायची, पण डावीकडे वरच राहायची, खाली यायचं नावच नाही. "इथेच पडतंय माझं," सर म्हणाले. "गाइड म्हणतात सगळ्यांचंच पडतं, मॉडेलची मर्यादा म्हणून लिहा. लिहीन मी. पण मॅडम, माठ नीट वाजत नाही."

मला भौतिकी येत नसली तरी आलेख वाचता येतो. ढग गाभ्याला मदत करण्याऐवजी उलटा ओढत असता, तर ती रेघ डावीकडे खाली गेली असती. माझं उणे तिथे हवं होतं. त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत मी मूग गिळून गप्प बसले, आणि एवढे मूग आजवर कोणी गिळले नसतील.

दिवाळीच्या सुट्टीत एका रविवारी मी वेवजीला गेले. सर अंगणात भात वाळत घालत होते. त्यांचे थोरले भाऊ भिकादादा ओट्यावर बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पिशवी, पुरवणी, उभी रेघ. शेवटी म्हटलं, "सर, तुमचं वर्ष-दीड वर्ष मी मातीत घातलं. कदाचित पदवीसुद्धा."

सर उरलेलं भात हाताने सारखं करत राहिले. मला वाटत होतं, ओरडावं या माणसाने, चार शब्द सुनवावेत. मग त्यांनी विचारलं, "उणे किती वेळा आलं होतं?"

"तीनदा."

"तिन्ही वेळा पहिल्यापासून केलं होतंत?"

"हो."

तेवढ्यात भिकादादा बोलले. त्यांना क्वार्क कळत नव्हते, पण दोरी कळली होती. "खडे नाय जुळले तं कोणाचं चुकलं ते इचारायचं नसतं, बाय. बा आमचा सांगायचा. इचारलं का भांडण व्हतं, आन जमीन तशीच राहाते. टोकं बदला नि परत मोजा. बांध काय पळून नाय जात."

"बांध नाय जात, दादा," सर म्हणाले, "पण जानेवारी जातो." आणि हसले. त्या हसण्याने मला जे रडू फुटलं ते सरांच्या पत्नींनी पाणी आणून देईपर्यंत थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी गाइडना फोन लावला. मी शेजारीच होते. पलीकडचा आवाज मोठा होता, सगळं ऐकू येत होतं. "वरठा, आता हात लावू नका. प्रबंध आहे तसा पास होईल. कोण बघतंय ते चिन्ह?" सर म्हणाले, "मी बघतोय ना, सर." तो फोन बंद झाल्यावर त्यांनी पिशवीतून नियमांचं पान काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "आता तुम्ही क्वार्कांकडून."

आठ महिन्यांचं काम दोन महिन्यांत करायचं होतं, आणि नेमकी त्याच हिवाळ्यात आमच्याकडची जमीन हलायला लागली. रोज धक्के. डहाणू-तलासरीतली माणसं घरं सोडून अंगणात राहायला लागली. आमचे वर्ग बाहेर आंब्याखाली भरायचे. फळा खोडाला टेकवलेला, आणि पोरींचं लक्ष फळ्यापेक्षा जमिनीकडे. सरांच्या घराच्या भिंतीला चीर गेली. मला वाटलं, संपलं आता. पण सर दुपारी चिरीत माती भरायचे आणि सकाळी बसमध्ये पुरवण्या भरायचे. विचारलं की तोंडावर बोट. या वेळी पिशवीचं तोंड त्यांनी सुतळीने घट्ट बांधून ठेवलं होतं, आणि ती गाठ मला दिसेल अशी मांडीवर ठेवायचे. टोमणाच होता तो, पण गोड होता.

जानेवारीत संक्रांत उलटून गेल्यावर आम्ही आंब्याखाली पाकिटं उघडली. माझ्या पाकिटात उणे. सरांच्या पाकिटातही उणे. मधे एका पानावर दोन कणांच्या फिरक्या, म्हणजे स्पिन, जोडताना त्यांनी जुन्या गणितात क्रम उलटा घेतला होता. दोन गोष्टी जोडताना मधेच क्रम बदलला की एक उणे पदरात पडतं, ते घ्यायला सर विसरले होते. हे मी दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवते. सरही शिकवायचे.

तेवढ्यात धक्का आला. मुलं उठून मोकळ्यात धावली. सर तिथेच बसले, तळहात जमिनीवर ठेवून. थांबल्यावर म्हणाले, "आत काहीतरी आहे." आणि लगेच कॉलेजच्या जुन्या संगणकाकडे निघाले. प्राचार्य ओरडत होते की इमारतीत कोणी जाऊ नका. शेवटी दोन मुलांनी संगणकच बाहेर आणला आणि ऑफिसातून वायर ओढली. सरांनी एका जागी चिन्ह बदललं. रेघ डावीकडे खाली गेली, शून्य ओलांडून वर आली आणि ठिपक्यांतून गेली. सगळ्यांतून नाही, पण इतक्यांतून, की सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितली.

"वाजला," ते म्हणाले. एवढंच.

प्रबंध मुदतीच्या आदल्या दिवशी गेला. सरांनी त्यात एक प्रकरण नव्याने लिहिलं होतं, आपली चूक कुठे झाली आणि ती कशी सापडली यावर. मी हातापाया पडले की उभ्या रेघेचंही लिहा. ते म्हणाले, "दोन जणांनी मोजलं आणि पहिल्या वेळी जुळलं नाही, असं लिहिलंय. खरं तेवढंच आहे." तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी म्हणे त्याच प्रकरणावर तासभर प्रश्न विचारले, आणि जाताना पूर्व भारतातल्या त्यांच्या संस्थेत दोन वर्षांसाठी या म्हणून आमंत्रण देऊन गेले. साठाव्या वर्षी, आणि सर हो म्हणाले. भिकादादांनी पंचक्रोशीत सांगितलं की माझ्या भावाला आत काय आहे ते कळलं. सर म्हणाले, "थोडं कळलं."

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ झाला, शाल आणि नारळ झाला. नारळ त्यांनी हातात घेतल्या घेतल्या वाजवून बघितला आणि सगळे हसले. संध्याकाळी नेहमीच्या बसने आम्ही परत निघालो. वेवजीचा फाटा जवळ आला तसं त्यांनी पिशवीतून एक पान काढून मला दिलं. नवीन नियमांचं पान. त्याच प्रोटॉनची पुढची थरथर, पहिलीपेक्षा जड. "मी तिकडून निघतो," सर म्हणाले, "तुम्ही इकडून या." मी काही विचारायला तोंड उघडलं तर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

फाट्यावर ते सगळ्यांच्या शेवटी उतरले. एका हातात पिशवी, काखेत शाल, आणि त्याच पावसाळी चपला. सगळे उतरल्याची खात्री केली, पत्र्यावर दोनदा टकटक केली, आणि बस सुटली. मी खिडकीतून मागे बघितलं. सर बांधावरून घराकडे चालले होते. रीतीप्रमाणे त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

परवा त्यांचं कार्ड आलं. दिवाळीला येतो, मूठ झाकून ठेवा, एवढंच लिहिलंय. माझं मोजून झालंय. उत्तर चारदा काढलं आणि चारही वेळा उणे आलं. सरांचं काय आलंय मला माहीत नाही. माझं पाकीट मी चिकटवून माठाखाली ठेवलंय, आणि आतल्या उण्यावर उभी रेघ मारलेली नाही.